जुम्म्याची रात

माणसाने न तपासता एखादी गोष्ट खरी मानून चालावे का, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातला वाटतो. आम्हाला तो कराडमधल्या एका घराच्या उंबऱ्यावर, हातात मिठाईचे पुडे घेऊन उभे असताना पडला. तेव्हापासून तो आमच्या मागेच लागला आहे.

गोष्ट पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीची. आमच्या भाच्याची सोयरीक कराडच्या एका घरात जुळत आली होती. मुलगी कॉलेजात शिकणारी, घर साधे, माणसे अब्रूची. मुलीचे वडील मोटार गॅरेजमध्ये मिस्त्री होते. पाहणे झाले होते, पसंती झाली होती. वडीलधाऱ्यांनी बसून बात पक्की करायची आणि निकाहची तारीख काढायची, एवढेच उरले होते. मुलीच्या आजोबांना मोहल्ल्यात सगळे हाजीसाब म्हणत. त्यांचा पुण्याला फोन आला, तो आम्हीच घेतला. 'जुम्मे की रात कू आव, खाना हमारेच इधर,' असे सांगून, खुशाली विचारून त्यांनी फोन ठेवला. एसटीडीचा मीटर पळत असताना त्या पिढीची माणसे लांबण लावत नसत. आम्ही लगेच आपाला निरोप दिला, 'शुक्रवारी संध्याकाळी कराडला जायचे आहे.'

शुक्रवारी जुम्म्याची नमाज पुण्यात पढून आम्ही पाच जण रेल्वेने निघालो. आम्ही, आपा, दुल्हाभाई, त्यांची एक वृद्ध चुलती आणि नवरदेव. कराड स्टेशनवर उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. कराड स्टेशन म्हणजे कराड गाव, असे आम्ही धरून चाललो होतो. कराडकर हसतील, कारण स्टेशन आहे ओगलेवाडीला आणि गाव तिथून काही किलोमीटर पुढे. ज्या ओगल्यांच्या काच कारखान्याचा प्रभाकर कंदील एके काळी घरोघर जळत होता, त्यांच्या नावाची ही वस्ती. कंदिलाच्या गावी आम्ही अंधारात उभे होतो आणि न्यायला कुणीही आले नव्हते.

अर्धा तास वाट पाहिली. मग आपा बोलली, 'मुलीकडचे असून स्टेशनवर एक माणूस पाठवता येऊ नये?' दुल्हाभाई म्हणाले, 'घर कसे आहे ते आताच कळले म्हणायचे.' आम्ही तोंडाने 'कामात असतील' असे म्हणालो, पण मनातून दुल्हाभाईंशी सहमत झालो होतो. शेवटी दोन रिक्षा केल्या. पेठेचे नाव आम्ही आठवणीने सांगितले आणि ते चुकीचे निघाले. कराडातल्या पेठांना वारांची नावे आहेत; त्या दिवशी आम्हाला वारच धड कळत नव्हता, तर पेठ काय कळणार! आदिलशाही काळातल्या त्या उंच मनोऱ्यांच्या खुणेने पुन्हा मागे आलो, दोन ठिकाणी विचारले. या धावपळीत मिठाईचा एक पुडा रिक्षातच राहिला. चुलतीची चप्पल तुटली. घर सापडले तेव्हा वीज गेलेली होती.

मुलीच्या आईने दिवा हातात घेऊन दार उघडले. आम्हाला पाहून डोक्यावरचा पदर पुढे ओढला, 'या' म्हणाली, पण दारातून बाजूला व्हायला तिला क्षणभर लागला. घरात जेवणाचा वास नव्हता. चूल थंड होती. आम्ही सतरंजीवर बसलो. आपाच्याने राहवेना. ती म्हणाली, 'आमची वाट पाहत नव्हता वाटते?'

आतून आवाज आला, 'वाट पाहून झाली.'

धाकटा मुलगा धावत जाऊन हाजीसाबांना मशिदीतून घेऊन आला. सलाम-दुवा झाली. मग ते म्हणाले, 'आज कसे येणे केले?' दुल्हाभाई ताडकन उठले. 'जेवायला बोलावता आणि वर विचारता, कसे येणे केले? इतका अपमान कशासाठी?' मुलीचे वडील भिंतीला टेकून उभे होते, तेही पुढे सरसावले. दोन्हीकडून आवाज चढले. शेजारच्या खिडक्या उघडल्या. आणि पडद्यामागून त्या मुलीचा आवाज आला, 'दादाजी, आधी त्यांना विचारा तरी, त्यांना निरोप कोणत्या दिवसाचा मिळाला होता?'

त्या संध्याकाळी कुणीतरी विचारलेला तो पहिला प्रश्न. आम्ही म्हणालो, 'जुम्म्याच्या रात्रीचा. म्हणजे आजचा.' हाजीसाब मटकन खाली बसले. 'जुम्मे की रात तो कल गयी,' ते म्हणाले.

त्यांचे बरोबर होते. हिजरी हिशेबात दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. रात्र आधी आणि दिवस नंतर. जुम्म्याची रात म्हणजे जुम्म्याच्या आदली, गुरुवारची रात. म्हणून तर गुरुवारला जुमेरात म्हणतात. आम्ही जुम्म्याची नमाज पढून जुम्म्याच्या रातीला निघालो होतो, आणि कराडला मगरिब झाली तेव्हा हाजीसाबांच्या हिशेबाने शनिवार लागला होता.

आदल्या रात्री त्या घरात तीसेक माणसांचे जेवण शिजले होते. नातलग आले होते, मोहल्ल्यातली चार मोठी माणसे आली होती. बाराच्या पुढे वाट पाहून देग उपसली आणि शेजाऱ्यांत वाटली. पुणेकरांना मिस्त्रीचे घर नको झाले, असे त्यांनी मानले. दुसऱ्या दिवशी जुम्म्यानंतर मशिदीच्या पायऱ्यांवर कुणीतरी विचारले तेव्हा हाजीसाबांनी अब्रूसाठी सांगून टाकले, 'आम्हीच नाही म्हटले.' आमचा नंबर त्यांच्याजवळ होता. त्यांनी फोन केला नाही. त्यांचा नंबर आमच्याजवळ होता. निघण्यापूर्वी आम्हीही केला नाही.

मग माफी मागणे झाले. अंडी आली, भाकरी थापल्या गेल्या, मुलांसाठी राखून ठेवलेला कालचा जर्दा बशीत आला. वीज आली तेव्हा सगळे हसत होते. रात्रीच्या एसटीने आम्ही परतलो. वाटले, प्रकरण मिटले. ते मिटले नव्हते, पण ते शेवटी सांगू.

पहिली गोष्ट अशी की, हे अज्ञान नव्हते. रमजानमध्ये पहिल्या रोजाच्या आदल्या रात्री तरावीह सुरू होते, सव्विसाव्या रोजाच्या संध्याकाळी सत्ताविसावी रात लागते, हे आम्ही लहानपणापासून जाणत होतो. ज्ञान होते, पण ते वापरण्याची गरज वाटली नाही. गृहीत धरणे म्हणजे माहीत नसणे नव्हे. माहीत आहे असे वाटून प्रश्न न विचारणे म्हणजे गृहीत धरणे. म्हणूनच ते शिकल्यासवरलेल्यांकडूनही घडते. १९९९ साली नासाचे एक यान मंगळापाशी पोहोचून नष्ट झाले. एका गटाच्या आज्ञावलीने बलाचे आकडे पौंडाच्या मापात दिले होते, दुसऱ्याने ते न्यूटनच्या मापातले मानले. आकडा तोच, माप निराळे. आमचेही तेच झाले. शब्द तोच, रात निराळी.

दुसरी गोष्ट, गृहीत धरल्याशिवाय जगता येत नाही. शेतकरी पेरतो ते पाऊस येईल असे धरूनच. कृष्णा-कोयनेच्या संगमाजवळच्या पुलावरून जाताना कुणी खांब तपासत नाही. सगळेच तपासायचे म्हटले तर सकाळचा चहाही घशाखाली उतरणार नाही. मग कोणते गृहीत क्षम्य आणि कोणते नाही?

याच कराडच्या पश्चिमेला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या वर माणसे दगावली. त्यापूर्वी दख्खनचे पठार स्थिर समजले जाई. भूकंप झाल्यावर शास्त्रज्ञांनी ते गृहीत टाकून दिले आणि १९७० मध्ये देशाचा भूकंपक्षेत्रांचा नकाशा बदलला. जमिनीविषयीची चूक जमीन दाखवून देते आणि माणूस नकाशा बदलतो. माणसाविषयीच्या चुकीचे तसे नसते. मनातला नकाशा तिथे सहजी बदलत नाही, कारण तो काढणाऱ्याला आपण नकाशा काढला आहे हेच ठाऊक नसते.

आमच्या त्या संध्याकाळी खरे तर दोन निराळी गृहीते होती. एक वाराविषयीचे आणि दुसरे माणसांविषयीचे. पहिल्याने जेवण वाया गेले. दुसऱ्याने माणसे दुखावली. स्टेशनवर कुणी नाही, हे सत्य होते. घर हलके आहे, हा आम्ही काढलेला अर्थ होता. पाहुणे आले नाहीत, हे सत्य होते. त्यांना आमची गरिबी खुपली, हा त्यांनी काढलेला अर्थ होता. सत्य आणि अर्थ यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते, तिथे दोन्ही घरांनी आपापली भीती आणि आपापला अहंकार भरला.

हा फरक आमच्या इतिहासातल्या एका मोठ्या प्रसंगात स्पष्ट दिसतो. बनू मुस्तलिकच्या मोहिमेवरून परतताना एका मुक्कामी हजरत आयशा (रजि.) यांचा हार हरवला. त्या तो शोधायला मागे गेल्या. इकडे हौदा उचलणाऱ्यांनी त्या आत आहेतच असे धरून तो उंटावर चढवला. त्या वजनाने हलक्या होत्या, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. काफिला निघून गेला. मागून येणाऱ्या हजरत सफवान (रजि.) यांनी त्यांना पाहिले, आपल्या उंटावर बसवले आणि उंटाची दोरी धरून चालत काफिल्यापर्यंत पोहोचवले. एवढ्यावरून मदिन्यात ज्या वावड्या उठल्या त्यांनी प्रेषितांच्या (स.) घराला महिनाभर यातना दिल्या. अखेर सूरह नूरमध्ये त्यांच्या निर्दोषत्वाची ग्वाही आली.

आम्हाला नेहमी वाटते की, या प्रसंगात गृहीत धरणारे दोन गट आहेत. हौदा उचलणाऱ्यांनीही गृहीत धरले आणि वावड्या उठवणाऱ्यांनीही. पण ग्रंथात दोष हौदा उचलणाऱ्यांच्या माथी नाही. त्यांची चूक वजनाची होती. शिक्षा आणि धिक्कार आला तो चारित्र्याविषयी न पाहता बोलणाऱ्यांच्या वाट्याला. आणि ज्यांनी ऐकूनही मन स्वच्छ ठेवले त्यांचीही नोंद झाली. हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांनी आपल्या पत्नीला विचारले, तू असे वागली असतीस का? ती नाही म्हणाली. मग त्या तर तुझ्याहून श्रेष्ठ आहेत, असे म्हणून त्यांनी विषय संपवला. दुसऱ्याविषयी निष्कर्ष काढण्यापूर्वी त्यांनी स्वतःच्या घराकडे पाहिले. हुस्ने-जन्न म्हणजे हेच असावे.

इमाम गजाली यांनी, ज्यांचे निधन ११११ साली झाले, बदगुमानीला मनाने केलेली गीबत मानले आहे. जीभ न हलवताही पाठीमागे निंदा होते, हे त्यांचे म्हणणे. युरोपात १८७७ मध्ये क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुने आहे हे जाणूनही तो मनाची समजूत घालतो आणि ते प्रवाशांसह समुद्रात लोटतो. क्लिफर्डचे म्हणणे असे की, जहाज सुखरूप पोहोचले असते तरी मालक दोषीच ठरला असता. कारण ते मानण्याचा हक्क त्याने मिळवलेलाच नव्हता. दोघांच्या काळात साडेसातशेहून अधिक वर्षांचे अंतर, दोघांचे जगही वेगळे. पण मत बनवणे हीदेखील कृती आहे आणि तिचा हिशेब द्यावा लागतो, यावर दोघे एकच आहेत.

हा हिशेब कधी कधी रक्तात द्यावा लागतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावी सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या पाच भिक्षेकऱ्यांना, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या माणसांना, मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. मोबाइलवरच्या अफवांचा तो काळ होता. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री आमच्याच सातारा जिल्ह्यात, पुसेसावळी येथे, समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून जमाव चालून गेला आणि मशिदीत एका तरुणाचा बळी गेला. दोन्हीकडे समोर बसलेल्या माणसाला, 'बाबा, तू कोण, तुझे म्हणणे काय' एवढे विचारायला कुणी थांबले नाही.

अशा घटना घडल्या की आम्ही लिहितो, बोलतो, संतापतो. ते योग्यच आहे. 'तुम्ही मुसलमान असून मराठी छान बोलता,' हे कौतुक ऐकून ज्याचे मन खट्टू झाले नाही असा मराठी मुसलमान विरळा. समोरच्याने आपल्याला न विचारता आपल्याविषयी ठरवून टाकले, ही आपली मोठी तक्रार आहे. पण ही तक्रार करणारे आपण घरात काय करतो? अमुक जमातीचा म्हणजे असा, तमुक मसलकचा म्हणजे तसा. ती बुरखा घेत नाही म्हणजे दीन सोडला, ती घेते म्हणजे अक्कल गहाण टाकली. मिस्त्रीचे घर म्हणजे रीतभात नाही, पुण्याची माणसे म्हणजे घमेंड. जमावाचे गृहीत आणि आमच्या त्या स्टेशनवरचे गृहीत यांत परिणामाचे अंतर अफाट आहे, आणि ते पुसून टाकता कामा नये. पण बी पाहिले तर एकाच जातीचे आहे.

यावर कुणी म्हणेल, मग काय प्रत्येकाची झडती घ्यायची? विश्वास नावाची काही चीज आहे की नाही? आम्हीही बरीच वर्षे इथेच अडलो होतो. उत्तर सूरह हुजुरात वाचताना मिळाले. या सूरहच्या सहाव्या आयतीत खबर आली की शहानिशा करण्याचा हुकूम आहे, नाहीतर नकळत कुणाला इजा करून मागाहून पस्तावाल असा इशारा आहे. बाराव्या आयतीत फार गुमान करू नका असे आहे, आणि त्याच दमात हेरगिरी आणि गीबत करू नका असेही आहे. म्हणजे न तपासता मानायचे नाही आणि पाळतही ठेवायची नाही. मग उरते काय? उरते ते सरळ विचारणे. ज्याच्याविषयी आहे, त्यालाच.

आमच्या समाजात, खरे तर साऱ्या मराठी मुलखात, सोयरीक ठरवताना चौकशी करतात. आम्हीही केली होती. कराडात ओळखीच्या दहा जणांना त्या घराविषयी विचारले होते. माणसे कशी, देणे-घेणे कसे, मुलगी कशी. त्या घराविषयी दहा जणांना विचारले, पण त्या घराला एक प्रश्न विचारला नाही, 'हाजीसाब, म्हणजे नेमका कोणता वार?' चौकशी माणसाच्या पाठीमागे होते आणि तिच्यात संशय असतो. विचारणा तोंडावर होते आणि तिच्यात आदर असतो, कारण तिच्यात समोरच्याला उत्तर देण्याचा हक्क दिलेला असतो. शहानिशा विश्वासाच्या आड येत नाही. तो विश्वासाचाच एक प्रकार आहे. तू सांगशील ते ऐकायला मी तयार आहे, एवढा तो विश्वास.

त्या रात्री हे फक्त त्या मुलीला उमजले होते. तिने कुणाची बाजू घेतली नाही, फक्त एक प्रश्न विचारला.

ती सोयरीक झाली नाही. कुणी नकार दिला नाही. आम्हाला वाटले, हाजीसाबांनी मशिदीच्या पायऱ्यांवर 'आम्हीच नाही म्हटले' असे सांगून टाकले आहे, आता त्यांना शब्द फिरवणे जड जात असेल. ते बोलावतील तेव्हा जाऊ. एक महिना गेला, दोन गेले. भाच्याचे दुसरीकडे जमले. पुढे काही वर्षांनी कराडचा एक परिचित भेटला. हाजीसाब तोवर अल्लाहला प्यारे झाले होते. तो सहज बोलून गेला, 'ते लोक तुमच्या फोनची फार वाट पाहत होते. तुमचा माणूस त्या दिवशी अपमान झाला म्हणून उठला होता ना, तो राग गेला नसावा असे त्यांना वाटले.'

वाराची चूक एका प्रश्नाने सुटली होती. त्यानंतर पुन्हा तोच प्रश्न विचारायची वेळ आली, तेव्हा इतका धडा शिकूनही दोन्ही घरे गप्प बसली. मुलगी आज एका शाळेत शिक्षिका आहे, आपल्या संसारात सुखी आहे. भाचाही सुखी आहे. त्यामुळे कुणाचे नुकसान झाले असे म्हणता येत नाही. तरी तो फोन आम्ही करायला हवा होता. निरोप आम्ही घेतला होता, चूक आमची होती, आणि नंबर डायरीत त्याच पानावर होता.